गाठ मारलेलं पान

"हे पान माझ्याच कुंपणाचं आहे," म्हातारा न्देवारिओ म्हणाला. "माझंच पान मला देऊन माझीच माफी मागायची? वा रे वा!"

कुंपणाला लावतात त्या इसालेचं लांब पान टेबलावर पडलं होतं, मधोमध गाठ मारलेलं. शेजारच्या अंगणातून मन्काकाकू ते ठेवून गेली होती. "यांनी पाठवलंय," एवढंच म्हणाली, बसली नाही. तिचा नवरा एलिनामी, न्देवारिओचा पाठचा भाऊ, तीन दिवस पाण्याचा घोटही गिळत नव्हता. किलिमांजारोच्या या उतारावर गाठीचं इसाले दारात आलं की वैर संपलं. ते नाकारायची सोयच नाही. म्हणून न्देवारिओने त्याला अजून हात लावला नव्हता. एकदाच बघितलं आणि तोंड फिरवलं होतं.

"कुणाच्याही कुंपणाचं असेना, बाबा. तुम्ही जा," आइकांडे म्हणाली. ती मोशीच्या शाळेत शिकवायची. काकांचं कळल्यावर कालच घरी आली होती.

"जातो आणि थोबाड फोडून घेतो! त्याला कूस बदलवत नाही, तो कुठली पानं पाठवतोय? बायकोने येता येता आपल्या फाटकाशी तोडलं आणि नाव त्याचं सांगितलं. मी दारात उभा राहायचं आणि त्याने भिंतीकडे तोंड करायचं, होय ना?"

"पण हे पिवळसर दिसतंय. आपलं काळंभोर असतं."

"दिसण्यावर काय जातेस? सुकलं असेल. पोरांना पानांची भोकं मोजायला शिकवतेस ना? मग मोज. आकडा सांग मला."

नाही म्हणायला हवं होतं. पण बापाने तिच्या शिक्षणाकडे आयुष्यात पहिल्यांदाच काही मागितलं होतं, आणि खरं सांगायचं तर ती सुखावली.

मोजण्यासारखं होतंच. बांधावरचं आजोबांनी लावलेलं झाड एलिनामीने सहा वर्षांपूर्वी तोडलं. भावाभावांचं बोलणं त्या दिवशी तुटलं आणि एलिनामीचं अंगण उन्हाला उघडं पडलं. इकडे मात्र केळींखाली भरदुपारी अंधार. उन्हात वाढलेल्या पानाला श्वासाची छिद्रं जास्त, सावलीतल्याला कमी. पान एकदा पुरतं उलगडलं की ती वाढत नाहीत.

तिने दोन्हीकडच्या कुंपणांचं एकेक पान आणलं. तिन्ही पानांना पाठीमागून बिनरंगी नेलपॉलिश लावलं. ते वाळायची वाट बघावी लागली. वाटीतलं केळ्यांचं सूप निवून त्यावर साय धरली. मग तिने चिकटपट्टीने ते पापुद्रे सोलले, काचेवर चिकटवले आणि शाळेतून आणलेल्या मायक्रोस्कोपला डोळा लावला. न्देवारिओ काठी टेकून पाठीशी उभा.

"आपलं अकरा," ती म्हणाली. "काकांकडचं एकोणीस." मग तिसरी काच सरकवली. "गाठीचं... एकोणीस."

"परत मोज."

"वीस."

"एकाच जागी काय मोजतेस? दुसरीकडे बघ."

"अठरा. बाबा, त्यांच्याच अंगणातलं आहे. आता तरी उठा."

तो उभाच होता, तरी उठल्यासारखा हलला. खुंटीवरची टोपी घेतली. "माझा कोट कुठंय? चर्चचा." तिने कोट झटकून दिला. त्याने गुंडी चुकीच्या काजात घातली, काढली, पुन्हा घातली.

तेवढ्यात कुंपणापलीकडून मन्काकाकूचा हंबरडा आला. मग आणखी बायकांचा.

न्देवारिओ गुंडी धरून उभा राहिला. मग बाहेर पडला. फाटकाशी, केळीच्या सावलीत, त्याने आपल्या कुंपणाचं एक पान तोडलं. गाठ बसेना. आइकांडे पुढे झाली, तर त्याने तिला हातानेच थांबवलं. तिला आपल्या तीनतीनदा मोजण्याची लाज वाटत होती. बोटांना अजून नेलपॉलिशचा वास होता.

पलीकडच्या दारात मन्काकाकू उभी होती, खांद्यावरचं कांग्याचं कापड सुटलेलं. तिने ते काळपट हिरवं पान घेतलं आणि उलटसुलट करून पाहिलं.

"सकाळपासून दाराकडे डोळे लावून होते, भाऊजी," ती म्हणाली. "मी तुमच्या फाटकाशी तोडणार होते, जाता जाता. तर म्हणाले, नको, आपल्याच अंगणातलं ने. दादाला रंगावरूनच कळेल, मी पाठवलंय ते."

न्देवारिओने टोपी काढली.

"कळलं होतं," तो म्हणाला.