बाल्कन्यांना गिऱ्हाईक

वहिनीने टेबलावर चादर अंथरली, चित्रं मांडली आणि मागे वळून पाहिलं, तर धाकटी गाडीतून उतरलीच नव्हती.

"अगं, ये की. कोणी खात नाही तुला."

"लोक हसतील, वहिनी."

"हसू देत. हसायला तरी थांबतील."

वाचनालयाच्या आवारात एका दिवसाचा बाजार भरला होता. मेणबत्त्या, मातीची भांडी, विणलेल्या पिशव्या, आणि त्यात धाकटीच्या बाल्कन्या. दिवसभर ती चष्म्याच्या दुकानात काम करायची आणि संध्याकाळी भाड्याच्या खोलीत बसून समोरच्या इमारतींच्या बाल्कन्या जलरंगात रंगवायची. वाळत घातलेले कपडे, मोडकी खुर्ची, कठड्याला टेकवलेली सायकल. चित्र वाळलं की पलंगाखाली सरकवायची. कोणाला दाखवायचं धाडस झालं नव्हतं.

धाडस दिलं ते घरच्यांनी. खुब्याचं हाड मोडल्यापासून आई दादा-वहिनीकडे अंथरुणाला खिळून होती. सांभाळायला ठेवलेली एकही बाई तिच्यापुढे टिकत नव्हती. दादाने एकदा धाकटीला विचारलं होतं, "तू येऊन राहशील का आईजवळ?"

"नोकरी कशी सोडू, दादा?"

त्याने पुन्हा विषय काढला नाही. कोणीच काढला नाही. त्यामुळे तिला जास्तच अपराधी वाटायचं. म्हणून पुढच्या खेपेला आईने मुद्दाम आणायला लावलेलं तिचं एक चित्र डोळ्यांजवळ धरून न्याहाळलं आणि "हे विकायला ठेव. माझं ऐक एकदा," म्हणाली, तेव्हा तिला भरून आलं.

त्या पहिल्या बाजारात ती टेबलामागच्या खोक्यावर चपलांकडे बघत बसली. कोणी किंमत विचारली की वहिनी सांगायची. हेल्मेट घातलेल्या एका बाईने दोन चित्रं घेतली. एका तरुणाने एक घेतलं. घासाघीस कोणी केली नाही. एक गृहस्थ तर सायकलवालं चित्र धड न बघताच पिशवीत घालून गेले.

"बघितलंस?" वहिनी म्हणाली. "आणि तू म्हणे लोक हसतील."

दुसऱ्या बाजारात धाकटी उभी राहिली. पहिल्यांदा किंमत सांगताना आवाज चिरकला, पण सांगितली. दुपारच्या आत टेबल रिकामं झालं. घरी आल्यावर दादाने तिच्या पाठीवर थाप मारली. "आता काय आयुष्यभर लोकांचे चष्मे पुसत बसणार?"

दुकानाचे मालक, चष्मेवाले काका, मात्र म्हणाले, "थोडे दिवस दोन्ही सांभाळ. घाई कसली आहे?"

तिने हे घरी सांगितलं, तेव्हा आई उशीवरून म्हणाली, "त्यांना तुझ्यासारखी राबणारी दुसरी कुठे मिळणार? स्वतःच्या सोयीचंच बोलणार ते." वहिनी आईच्या औषधांच्या बाटल्या पुसत राहिली.

महिनाअखेर धाकटीने नोकरी सोडली. पाठोपाठ खोलीही सोडली. दादाकडची मागची खोली रिकामीच होती आणि तिथे उजेड भरपूर होता. दादा-वहिनी सकाळी ऑफिसला गेले की घरात ती आणि आई. आईचं अंग पुसणं, भरवणं, भांडं देणं, कुशीवर वळवणं आपोआप तिच्याकडे आलं. तिला त्याचं काही वाटलं नाही. उलट मनावरचं ओझं उतरलं. आईचा डोळा लागला की ती रंग काढायची.

"झालं का चित्र?" आई जागी होऊन विचारायची.

"अर्धं झालंय."

"होईल गं. मला जरा बसतं कर."

तिसऱ्या बाजाराला वहिनीने तिला एकटीलाच पाठवलं. "किती दिवस मी बोट धरायचं?" म्हणाली. दादा घरी आईजवळ थांबला.

धाकटीने स्वतः टेबल लावलं. येणाऱ्याजाणाऱ्याशी स्वतः बोलली. आपला आवाज ऐकून तिलाच नवल वाटत होतं. पण लोक बघायचे आणि पुढे जायचे. एका म्हाताऱ्याने मात्र मोडक्या खुर्चीचं चित्र उजेडात धरून बराच वेळ पाहिलं, कागद कुठला ते विचारलं, कडकडून घासाघीस केली आणि घेऊन गेला. दिवसभरात तेवढं एकच गेलं. एखादा दिवस असतो असा, तिने मनाची समजूत घातली.

उन्हं कलल्यावर शेजारची मेणबत्तीवाली म्हणाली, "जरा माझं दुकान बघशील? चहा घेऊन येते."

धाकटी तिच्या खुर्चीवर जाऊन बसली. तेवढ्यात एक बाई आली. एकेक मेणबत्ती हुंगून तिने एक निवडली आणि तिची नजर बाजूच्या टेबलाकडे गेली. त्याच्यामागे कोणी नव्हतं.

"ही बाल्कन्यांची चित्रं आजही आलीत वाटतं."

"आवडतात तुम्हाला?" धाकटीने विचारलं.

"दोन आहेत माझ्याकडे. कपाटावर पडलीत. ऑफिसातल्या एका मैत्रिणीने आम्हा सगळ्यांना घ्यायला लावली. पैसे तिचेच. मी आमच्या मिस्टरांना पाठवलं होतं."

धाकटीने मेणबत्ती कागदात गुंडाळायला घेतली. "ते कशाला?"

"तिच्या नणंदेसाठी. सासूजवळ बाई टिकेना आणि नणंद नोकरी सोडेना. चित्रं खपतायत असं दिसलं तर सोडेल, म्हणून. आणि सोडलीसुद्धा. आता घर अगदी सुरळीत चाललंय म्हणे."

कागदाची घडी नीट बसत नव्हती. धाकटीने ती उलगडली आणि पुन्हा घातली.

"हुशार आहे मैत्रीण तुमची."

"ती कसली हुशार? ती तर नकोच म्हणत होती, बिचारीला फसवल्यासारखं होईल म्हणून." बाईने पुडीसाठी हात पुढे केला. "हे सगळं सुचलं ते सासूबाईंना."