सातवा नियम

सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी सातवा नियम कागदावर नसल्याचं आढळलं. सहाव्यानंतर थेट आठवा होता.

पेशंटच्या शिरेत औषध सोडणाऱ्या पंपाचे ते नियम. पंपाने काय करायचं आणि काय कधीच करायचं नाही, हे त्यांत गणिताच्या भाषेत लिहिलेलं. ते लिहिणारीला कंपनीत सगळे हेडबाई म्हणत. पंपाचा प्रोग्रॅम नियम पाळतो का, ते संगणकच तपासायचा. पाळला तर हिरवी खूण, मोडला तर लाल. नव्या पंपाच्या सगळ्या खुणा हिरव्या होत्या. खाली हेडबाईंची सही होती.

सातवा नियम असा: एकूण दिलेलं औषध ठरलेल्या मर्यादेच्या वर कधीही जाणार नाही.

त्यांनी प्रोग्रॅमरला बोलावलं. तो चहाचा कप घेऊनच आला.

"सात कुठे गेला?"

"बाई, नवा पंप जुन्याच्याच प्रोग्रॅमवरून काढलाय. सगळं तेच. फक्त चालू असताना बॅटरी बदलता येते. तेवढ्यानं सातला लाल यायला लागलं."

"मग?"

"दोन दिवस डोकं आपटलं. माल निघायचा होता. शेवटी नियमच काढला. हिरवं झालं."

"ताप उतरेना म्हणून थर्मामीटर फेकलास."

तो हसला, मग थांबला.

"लाल का येत होतं?"

"बॅटरी बदलली की आधी किती औषध दिलं ते पंप विसरतो. पुन्हा शून्यापासून मोजतो." त्याने कप खाली ठेवला. "सही तुमची आहे, बाई."

"हो. रंग बघून केली."

अकरा पंप एकाच हॉस्पिटलात गेले होते. हेडबाईंनी तिथे फोन लावला.

"सगळे चालू आहेत," सिस्टर म्हणाली. "असे मध्येच कसे काढू?"

"जुने लावा. आत्ताच्या आत्ता. मी फोन ठेवत नाही."

सिस्टर एकेक खाट सांगत गेली, प्रोग्रॅमर कागदावर रेघा मारत गेला. बारा वाजून पाच मिनिटांनी दहा पंप निघाले होते.

अकराव्या खाटेवर कुणी नव्हतं. तिथल्या पेशंटला पंपासकट तपासणीसाठी तळमजल्यावर नेलं होतं. निघताना नवी बॅटरी घातली होती, वाटेत बंद पडू नये म्हणून.

तळमजल्यावर फोन कुणी उचलत नव्हतं. दुसरी सिस्टर जिन्याने खाली गेली होती. बारा वाजून अकरा मिनिटांपर्यंत तिचा निरोप आलेला नव्हता.