बाहेर राहिलेले

तेलंगणात नवे जिल्हे झाले त्याच महिन्यात शामरावांची बायको विनोदिनी लांबलेल्या दुखण्यानं गेली. आदिलाबादच्या कचेरीत ते दिवसभर भैंशाच्या फायली वेगळ्या काढत, कारण भैंसा आता दुसऱ्या जिल्ह्यात गेलं होतं. संध्याकाळी शहरालगतच्या मावला गावातल्या घरी ते टीव्हीपुढे बसून राहत.

अंतराळयानाची एक मालिका ते आणि विनोदिनी मिळून पाहायचे. तिचा शेवटचा भाग मात्र त्यांना एकट्याला पाहावा लागला. त्यात कप्तान दार लावून घेतो, आणि बाहेर अंधारात राहिलेल्या माणसांना सोडून यान निघून जातं.

शामरावांना ते सहन झालं नाही. त्यांनी वहीत नवा शेवट लिहिला. यान मागं फिरतं, दार उघडतं, सगळे आत येतात.

"मालिका संपली न दादा, आता काऊन लिहून राह्यला?" बहीण कुमुदिनीनं विचारलं.

"माणसाले असं बाहेर ठेवून जाता येते का?"

रविवारी दुपारी तोच भाग पुन्हा लागला. कुमुदिनी शेजारी शेंगा सोलत बसली होती. यान निघालं, थांबलं आणि मागं फिरलं. दार उघडलं. एकेक जण आत आला.

सगळ्यात शेवटी विनोदिनी आली. अंगात दवाखान्यातला हिरवा झगा, पाय अनवाणी.

कुमुदिनीच्या हातातल्या शेंगा सांडल्या. "दादा, बंद कर ते!"

शामरावांनी आवाज वाढवला. विनोदिनी पडद्याच्या अगदी जवळ आली आणि थेट त्यांच्याकडे पाहत म्हणाली, "काऊन बोलावलं तुमी मले? आता कुठं दुखायचं थांबलं होतं."