पिठातली पावलं

माझा लेक मनोज दवाखान्यात वारला, तेव्हा तिथली रविना नावाची पोर हात जोडून म्हणाली, "मावशी, त्याचे डोळे द्याल का?" मी दिले.

"आता आंधळा भटकंल तो," माझे दीर लडकू आमच्या सापगावभर सांगत सुटले. मी म्हटलं, "तुमी डोळे असून काय बघितलंत, भावजी?"

मेलेल्याचं पाऊल पिठात उमटतं म्हणतात. दहाव्याच्या आदल्या सांजेला रीतीप्रमाणं दिव्याभोवती तांदळाचं पीठ पसरून दार ओढलं. सकाळी सगळ्यांदेखत मीच ते उघडलं.

पावलं होती. डाव्या पायाला करंगळी नाय, म्हणजे मनोजचीच. दिव्याला वळसा घालून, कुठं न अडखळता गेलेली.

"बोला आता," मी म्हटलं.

भावजी मनोजच्या बाजूची दुसरी पावलं बघत होते. इवलीशी, लहान पोराची. आमच्या घरात लहान पोर नाय.

"पूस ते, वयनी."

"कशाला? माझ्या लेकासंगती आलंय. पावणं हाय."

इतक्यात माझी सून बाईजा माझ्या लुगड्याकडं बघत मागं सरली. काठावर पिठाची चार इवली बोटं उमटली होती, आणि काठ खाली ताणलेला होता.

मी तो सोडवला नाय.