निळा अंगठा

बारा वर्षं हमीदानं या दिवसाची वाट पाहिली होती. विद्यापीठातून बगदादच्या परिषदेला तिची निवड झाली, तेव्हा विभागप्रमुख सरांनी तिला अडवायला नियम काढला: धोक्याच्या देशात जाणाऱ्याच्या वडिलांची समक्ष सही हवी. वयाची अट घालायला मात्र विसरले. धरणगावहून तिचे गाद्या भरणारे अब्बा आले. “अंगठा चालत नाही,” म्हणत सरांनी अर्ज भिरकावला आणि तिच्या जागी स्वतः जाऊन आले. अब्बांनी निळा अंगठा पायजम्याला पुसला. आज परदेशदौरे मंजूर करणाऱ्या खुर्चीत हमीदा होती. सर पुन्हा बगदादला निघाले होते आणि त्यांचा नियम अजून लागू होता. पारोळ्याहून आणलेल्या त्यांच्या नव्वदीच्या वडिलांच्या हातात पेन ठरेना. “सही जमत नही पोरी, अंगठा ली ले,” म्हणत त्यांनी तो उठवलासुद्धा. हमीदानं आपल्या रुमालानं त्यांचा अंगठा हळुवार पुसला. “अंगठा चालत नाही, सर.”