बिनसाखरेचा कप

तो गेला, त्याला महिना झाला. तरी संध्याकाळी माझ्या हातून त्याचाही चहा होतोच. बिनसाखरेचा, डायबेटिसवाल्यांची ती गोड पावडर घातलेला. "अगदी साखरेसारखी लागते गं," असं तो दर वेळी कौतुकानं म्हणायचा. डॉक्टर मात्र रिपोर्ट बघून डोक्याला हात लावायचे. साखर बंद, औषध चालू, मग रक्तातली साखर उतरत कशी नाही? शेवटी दोन्ही किडन्या गेल्या आणि पाठोपाठ तोही.

आज त्याचा कप खिडकीत तसाच राहिला. नंतर उचलायला गेले, तर कडेनं मुंग्यांची रांग.

"आई, या पावडरीला मुंग्या कशा लागल्या?"

सासूबाई हळूच म्हणाल्या, "अगं, ज्याला मुंगीसुद्धा तोंड लावत नाही, ते विष माझ्या लेकाच्या पोटात जाऊ देईन होय? फोनवर वाचलं ना, तेव्हापासून त्या डबीत मी पिठीसाखरच भरत आले."

मग त्या कपाकडे बघत राहिल्या.

 

"एवढं जपलं गं त्याला. तरी कशानं गेला?"