सात चुका

१९८३ साली नाशिकच्या एका सरकारी कारखान्यात जपानी मशीन आलं आणि त्याच्या भागांची जपानी नावं येणारा मदतनीस हवा, अशी नोटीस लागली. झाडूवाल्या चंद्रभागाबाईंनी मशीन बसवायला आलेल्या जपानी मेस्त्रीला विचारून विचारून साठ नावं पाठ केली आणि अर्ज भरला.

"बाई, केरसुणीला जपानीत काय म्हणतात?" हेडक्लार्क धोंडीरामभाऊंनी सगळ्यांदेखत विचारलं.

"ते तुम्ही शिका भाऊ. मी मशीनवर गेले की ती तुमच्याकडेच येणार आहे."

मेस्त्री मायदेशी गेल्यावर मुलाखत झाली. साहेबांच्या हातात धोंडीरामभाऊंनी टाइप केलेली उत्तरांची यादी होती.

"हागुरुमा?"

"दातेरी चाक."

"चूक. इथे तेल लिहिलंय. अशा सात चुका झाल्या तुमच्या. या आता."

चंद्रभागाबाई उठल्या नाहीत. त्यांनी यादी मागून घेतली आणि सावकाश वाचली.

 

"साहेब, या सातही चुका माझ्याच आहेत, मी पहिल्यांदा नावं लिहून घेतली त्या कागदावरच्या. मेस्त्रींनी दाखवल्यावर तो कागद मी चुरगाळून धोंडीरामभाऊंच्या टेबलाखालच्या टोपलीत टाकला होता. संध्याकाळी कचरा उचलायला गेले, तर तेवढाच त्यात नव्हता."